पन्नास ग्रॅमचं बोट

धुळाशेठना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते विट्याच्या बाजारपेठेवर आकाशात तरंगत होते.

त्या दिवशी भर दुपारी गावात अंधारून आलं. चौकात माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे लोकांना कमी दिसायला लागलं की मला आनंदच होतो. पण इथं सगळ्या गावाला एकदमच कमी दिसू लागलं. म्हणून बाहेर येऊन वर पाहिलं, तर क्रेनच्या टोकाला घोंगड्यांत गुंडाळलेलं, म्हशीपेक्षा मोठं आणि हत्तीपेक्षा जरा लहान असं काहीतरी लटकत होतं. त्यावर पांढरा सदरा, पांढरी विजार आणि लाल फेटा घातलेला एक वाळका माणूस मांडी घालून बसला होता. खाली सगळं थांबलं होतं. कराडची एसटी थांबली, द्राक्षांचे टेम्पो थांबले, आणि एका वरातीतला घोडा जो मागं वळला तो नवऱ्यासकट पुन्हा कुणाला दिसला नाही. दोन म्हाताऱ्यांनी रस्त्यातूनच हात जोडले.

"कंचा देव गं?" एकीनं विचारलं.

"नवा असंल. फेटा कोरा हाय," दुसरी म्हणाली.

क्रेनवाला खालून ओरडत होता, "शेठ, उतरा की. तुमचं वजन जास्ती हुतंय."

"माझं वजन अठ्ठावन्न किलो हाय," वरून शांत आवाज आला. "तेवढ्यानं तुझी क्रेन वाकत आसंल तर तुझ्या क्रेनचा काटा बघून घे."

चौकातल्याच एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलची खिडकी चौकटीसकट काढून ठेवली होती. त्या भगदाडातून तो ऐवज आणि त्यावरचे शेठ दोघेही आत गेले. थोड्या वेळानं शेठ जिन्यानं खाली आले, घाम पुसला, आणि गर्दीतल्या शंभर माणसांना सोडून थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"पेटी वाजवता व्हय?"

मी चकित झालो. वाजवतो खरा, आमच्या भजनी मंडळात. पण हे यांना कसं कळलं?

"डावा हात बघा तुमचा," शेठ म्हणाले. "मघापास्नं हवा भरतोय."

खाली पाहिलं. खरंच, माझा डावा हात मांडीजवळ पुढंमागं हलत होता. अवघड प्रसंगी तो आपोआप भाता मारतो.

"उद्यापास्नं वर या," शेठ म्हणाले. "पियानो हाय. हवा भरायची गरज न्हाई."

अशा तऱ्हेनं खानापूर तालुक्यातल्या पहिल्या पियानो क्लासचा मी पहिला विद्यार्थी झालो.

आता हा माणूस कोण, ते सांगितलं पाहिजे. धुळाशेठ मूळचे माण तालुक्यातले, धनगराच्या घरातले. मिसरूड फुटायच्या आत मामाबरोबर गलाईला गेले. आमच्या भागाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करायचं काम. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं या धंद्यापायी देशाच्या अशा अशा गावांत जाऊन बसली आहेत की तिथल्या पोस्टमनलाही मराठी कळतं. धुळाशेठ केरळात, त्रिशूरला बसले. दुकानाच्या मागं अन्नम्मा टीचर म्हणून एक म्हातारी पियानो शिकवायची. इकडं भट्टी फुंकता फुंकता शेठ तिकडचे सूर ऐकायचे. एक दिवस सरळ तिच्या दारात गेले आणि म्हणाले, मला शिकव.

टीचरनं हात बघितला. ॲसिडनं आणि आगीनं बोटांची टोकं बधिर झालेली. शेठ उकळत्या चहाचा पेला आजही असा धरतात की बघणाऱ्याच्या हाताला फोड यावेत. टीचर म्हणाली, तुझ्या बोटाला कळतच नाही, तर किती दाबायचं हे तुला कसं कळणार? दुसऱ्या दिवशी शेठ दुकानातला सोन्याचा काटा बगलेत मारून हजर. बोटाला कळत नाही ना, काट्याला कळतं. तो काटा आणि ती विद्या घेऊन, टीचर गेल्यावर तिचा पियानोही घेऊन, ते म्हातारपणी विट्याला परतले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पियानोवर बसवलंच नाही. समोर काटा ठेवला आणि म्हणाले, "सा वाजवा."

"काट्यावर?"

"काट्यावर."

भजनात गजर चढला की लावतो तसा मी सा लावला. काट्यानं साडेसातशे ग्रॅम दाखवले.

शेठनी खिशातून पितळेची वजनं काढली आणि पियानोच्या एका पट्टीवर एकेक करून ठेवू लागले. वीस ग्रॅम ठेवलं, पट्टी हलली नाही. चाळीस, तरी नाही. पन्नास ग्रॅम झाल्यावर मात्र पट्टी आपली आपण खाली गेली, जत्रेत फिरून दमलेली बाई ओट्यावर टेकावी तशी.

"एवढं लागतं," शेठ म्हणाले. "वरचे सातशे कशाचे?"

"कशाचे?"

"तुमच्या रागाचे."

बायकोला घरी सांगितलं, तर ती म्हणाली, हा माणूस खरा ज्ञानी दिसतोय.

शेठचं सगळं शास्त्र हे असं होतं. नवशिका पट्टीला शत्रू समजून तिच्या अंगावर जातो. खांद्यापासून आवळतो, मनगट ताठ करतो आणि गरजेच्या दहापट जोर लावतो. वर सूर वाजून गेल्यावरही पट्टी दाबून बसतो. आतली हातोडी तारेवर आपटून केव्हाच परत आलेली असते. आता जीव काढला तरी आवाजात फरक पडायचा नाही. मुरलेला वाजवणारा हात नुसता पडू देतो, सूर निघाला की सैल सोडतो. तेवढाच मोठा आवाज, पण जोर कितीतरी कमी. "हे बघा," म्हणत शेठनी स्वतः एकदा वाजवलं. हात पिकल्या पानासारखा आला आणि हॉलच्या भिंती हादरल्या. मोठा आवाज ताकदीनं येत नाही, वेगानं येतो, असं त्यांचं म्हणणं. त्या वाजवण्यात त्यांनी दोनदा बिनचूक चूक केली आणि ती मान्य केली नाही.

शेठच्या पत्नी हरणाबाई या शास्त्राकडं जरा अंतरावरून पाहत. पियानोची वरची फळी सपाट असल्यामुळं त्यांनी तिच्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. शेठनी एकदा तक्रार केली.

"आवं, माझ्या कुरड्या किती ग्रॅमच्या हायत ते तरी मोजा," हरणाबाई म्हणाल्या. "त्येवढंच काम ऱ्हायलंय तुमचं."

माझ्यामागून माया नावाची एक शाळकरी मुलगी आली, तिच्यामागून आणखी चारपाच पोरं. पण आमच्या गावात संगीताचं माप किती घरांच्या काचा हलल्या यावर ठरतं. मायाचे वडील महिनाभरानं जिना चढून आले आणि म्हणाले, "शेठ, पोरगी आदी कॅसिओ वाजवायची तर गल्लीत ऐकू जायचं. आता शेजारच्या खोलीत बी जात न्हाई. ही प्रगती हाय का काय हाय?"

"तिचं बोट सहाशेवरनं दोनशेवर आलंय," शेठ अभिमानानं म्हणाले.

"म्हंजी कमी झालं."

"कमीच व्हायला पायजे."

वडील मायाला घेऊन गेले ते कायमचे. मग बाकीची पोरंही पातळ होत गेली.

यात खरी अडचण हॉलची होती. हॉल हरणाबाईंच्या धाकट्या भावाचा, पृथ्वीराजचा. त्याची बँजो पार्टी. म्हणजे वरातीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर रचून बँजो आणि ढोल वाजवायचा धंदा. पृथ्वीराज मनानं चांगला, पण ऐकू कमी येतं आणि ते त्याच्या धंद्याला शोभतं. बहिणीच्या शब्दाखातर त्यानं हॉल दिला होता. एक दिवस तो वर आला, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि म्हणाला, "दाजी, माझे बॉक्स पावसात भिजत्यात. दिवाळीपातूर क्लास भरला तर हॉल तुमचा, मी हितनं फुडं तोंड उघडणार न्हाई. न्हाई भरला तर मोकळा करून द्या."

"भरंल," शेठ म्हणाले.

"कसा भरंल? तुमचं वाजल्यालं रस्त्यापल्याड जात न्हाई."

"तालुक्यातला सगळ्यात जड हात आण माझ्याकडं. तो हलका करून दावतो. मग गाव आपनहून जिना चढंल."

हे शेवटचं शेठ पृथ्वीराजला पोचवायला खाली उतरल्यावर भर चौकात, माझ्या दुकानासमोर बोलले. त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाचं झालं, आणि रात्रीच्या आत जड हातही ठरला. राजवर्धन.

राजवर्धन हा पैलवान. खांदा निखळल्यापासून कुस्ती सोडून दूध संघात कॅन उतरवायचा. एका हातात एक भरलेला कॅन, आणि दुसऱ्या हातानं लोकांना नमस्कार. त्याच्या मोबाईलची काच दर महिन्याला जायची, आणि मोबाईल कधी पडलेला नसायचा. दारावरची बेल त्यानं वाजवली की ती आतल्या बाजूला पडायची. पण माणूस लोण्यासारखा. बायको मयूरी वाईची. तिच्या माहेरी बारशाला पेटीवर पाळणा वाजवायची रीत आहे. मयूरीला सातवा महिना होता, आणि आपल्या बाळाचा पाळणा आपण स्वतः वाजवणार असं राजवर्धननं सासरच्या मंडळींसमोर बोलून टाकलं होतं. त्याला शिकायचं होतं, शेठना शिकवायचं होतं, आणि गावाला बघायचं होतं.

तो काट्यासमोर बसला. त्यानं तर्जनी ठेवली, नुसती ठेवली. काटा किंचाळला आणि आकडे जाऊन नुसत्या रेघा राहिल्या.

"काय झालं?" राजवर्धननं घाबरून विचारलं.

"काय न्हाई," शेठ म्हणाले. "काट्यानं सलाम केला तुला."

पुढचे तीन आठवडे मी रोज समोर बसून पाहत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो की त्या पियानोइतका मार विट्याच्या तालमीत कुणी खाल्ला नसेल. राजवर्धन हळू वाजवायला गेला की जास्तच आवळायचा. जोर लावू नको म्हटलं की जोर न लावण्यासाठी जोर लावायचा. मानेच्या शिरा फुगायच्या, कपाळावर घाम यायचा आणि एक कोमल गंधार भूसुरुंगासारखा फुटायचा. दोन पट्ट्या मोडल्या. शेठनी त्या सरस लावून बसवल्या आणि एकदाही आवाज चढवला नाही. फक्त मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटले. ते काय होतं हे आम्हाला कळलं नाही हे बरंच झालं.

"शेठ, मला न्हाई जमायचं," शेवटी राजवर्धन म्हणाला. "हे पोरीबाळींचं काम हाय. माझ्या हातात लय ताकद हाय."

शेठनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणाले, "राजा, समोरच्याला तू चीत केलास. पाठ लागली. पंचानं शिट्टी मारली. मग तू काय करतूस?"

"उठतो."

"छातीवर बसून ऱ्हात न्हाईस?"

"कशाला ऱ्हातोय? कुस्ती संपली की."

"मग ह्या पट्टीच्या छातीवर का बसून ऱ्हातूस? सूर वाजला म्हंजी तिची पाठ लागली. ऊठ की बाबा."

राजवर्धननं पट्टीवर दाबून धरलेलं बोट उचललं. शेठ पुढं म्हणाले, "आन दुसरं. खाली धरल्याला गडी दमवायचा तर तू त्येला ढकलतूस काय?"

"न्हाई. अंग सोडतो त्याच्यावर. वजन देतो फक्त."

"मग इथं बी अंग सोड. ढकलू नको. सगळं न्हाई, आंगठ्याएवढंच सोड."

त्या मोठ्या हातानं एकदा श्वास सोडल्यासारखं केलं आणि तो पट्टीवर उतरला. सूर आला. गोल, भरलेला, मऊ. आणि हात लगेच वर, जसा पैलवान माती झटकत उठतो तसा. राजवर्धननं दचकून मागं पाहिलं, दुसऱ्याच कुणी वाजवलं की काय म्हणून.

"परत," शेठ म्हणाले.

त्यानंतर घसरण सुरू झाली; म्हणजे प्रगती. राजवर्धन काट्यावर रोज खाली येऊ लागला. किलोवरून अर्ध्यावर, अर्ध्यावरून पावावर. तो माझ्याही खाली गेला, त्याचं मला जरा वाईट वाटलं. दूध संघात त्याच्या हातून कपबशी फुटायची बंद झाली. मयूरी म्हणाली, हे आता दार लावतात तेव्हा मागं वळून बघावं लागतं, लावलं का म्हणून. मला स्वतःला चष्म्याचे बारीक स्क्रू कधी नव्हे ते न पिळवटता बसवता येऊ लागले.

मुलगी झाली. बारसं सव्वा महिन्यानं, दिवाळीच्या तोंडावर धरलं. पियानो हलवणं शक्य नव्हतं, म्हणून पाळणाच हॉलमध्ये आणला आणि झेंडूच्या माळांनी सजवून पियानोला लागून टांगला. सगळं गाव आलं. बारशाला म्हणून थोडे आले असतील, पण बाकीचे शेठची पैज बघायला आले होते. पृथ्वीराज पार्टीतल्या पोरांना घेऊन पुढच्या रांगेत बसला. बायका घुगऱ्या वाटत होत्या, पोरं खुर्च्यांखालून पळत होती, तीन पंखे घरघरत होते. वाईची मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत एका बाजूला बसून विटेकरांचं निरीक्षण करत होती. बाळ पाळण्यात गाढ झोपलं होतं. राजवर्धन कोशा फेटा बांधून पियानोसमोर बसला तेव्हा स्टूल दिसेनासं झालं.

शेठ त्याच्या कानाशी वाकले. "पोरगी झोपलीय. ती उठली तर तू हारलास."

आणि राजवर्धननं पाळणा वाजवला.

मी चार फुटांवर होतो म्हणून मला ऐकू आलं. एवढंच सांगतो की त्या हातांनी मैदानं मारली आहेत यावर त्या वेळी माझा विश्वास बसला नाही. एकेक सूर पाळण्याच्या झोक्यावर ठेवल्यासारखा पडत होता आणि मोकळा होत होता. बाळाच्या पापणीचा केसही हलला नाही. कडव्यामागून कडवं गेलं. मयूरीनं डोळ्याला पदर लावला. शेठ मात्र राजवर्धनच्या बोटांकडं नाही, काट्याकडं बघावं तसं एकटक बाळाकडं बघत होते. शेवटचा सूर विरला आणि त्यांनी राजवर्धनच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला.

हॉलमध्ये घुगऱ्यांच्या वाट्या वाजत होत्या.

"दाजी," पृथ्वीराज म्हणाला, "करा की चालू."

"झालं," शेठ म्हणाले.

"काय झालं?"

"पाळणा. वाजवून झाला."

पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत, तिथून जिन्यापर्यंत ही बातमी कुजबुजत गेली. "वाजवला म्हणत्यात." "कवा?" "आत्ता." "मशीन बिघडलंय जणू." वाईच्या एका मामांनी आपलं कानातलं यंत्र काढून फुंकर मारून परत बसवलं.

पृथ्वीराज उठून पियानोपाशी आला. आवाज खाली आणायचा त्यानं प्रामाणिक प्रयत्न केला. तो सगळ्या हॉलला ऐकू गेला. "दाजी, समदं गाव बसलंय. पन्नास पोरांचे आईबाप हायत. एकदा दणकून वाजवा. तुमी सोता वाजवा. भिंती हालू देत. आत्ताच्या आत्ता क्लास भरतोय का न्हाई बघा."

तो खरं बोलत होता. शेठना ते येत होतं. तो हात पडला की भिंती हलतात हे मी पाहिलेलं. हरणाबाईही पुढं आल्या. "आवं, वाजवा की येकदा मोठ्यानं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात नेहमीचा टोमणा नव्हता. "येकदाच. हॉल ऱ्हाईल आपला."

शेठ स्टुलावर बसले. फेटा सारखा केला. हात पट्ट्यांवर उचलला. गाव गप्प झालं. पंख्यांचीच काय ती घरघर. मग त्यांनी मान वळवून पाळण्यात पाहिलं. मुलगी मूठ गालाशी धरून झोपली होती. मूठ सैल होती.

"झोपलीय," शेठ म्हणाले.

"उठंल आन झोपंल परत," पृथ्वीराज म्हणाला. "लेकरू हाय."

"गड्या, ती न उठता वाजवलं हीच तर विद्या," शेठ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या माणसाचं समाधान होतं. "तुमाला ऐकू आलं न्हाई ना? मग जिंकलो मी." आणि त्यांनी पियानोचं झाकण खाली घेतलं, तेही आवाज न करता.

त्यानंतर आत्यानं कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि बाळ उठून असं रडलं की चौकापर्यंत ऐकू गेलं. त्याचं गावानं कौतुक केलं.

एकही नवा विद्यार्थी आला नाही. वसुबारसेला हॉल मोकळा झाला. पियानो कराडच्या एका हॉटेलवाल्यानं नेला. धुळाशेठ सध्या आटपाडीला जावयाच्या दुकानात बसतात.